विमानाचा कान कोठें असावा?

आमच्या लहानपणीं घरांत रेडिओ आला म्हणजे त्याच्याबरोबर तांब्याच्या जाळीची एक लांब पट्टी येत असे. ती भिंतीवर या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणून बांधावयाची. तिला आम्ही एरिअल म्हणत असूं. वडिलांचा नियम असा होता कीं, रेडिओच्या बटनांना हवा त्यानें हात लावावा, परंतु एरिअलला कोणीं हात लावावयाचा नाहीं. एकदां दिवाळीच्या सफाईंत आईनें ती पट्टी काढून लोखंडी कपाटामागें अडकविली आणि त्या रात्रीं बातम्यांऐवजीं नुसती खरखर ऐकूं आली. यंत्र तेंच, केंद्र तेंच. फक्त कान कपाटामागें गेला होता. पुढें शाळेंत मुलांना विज्ञान शिकवितांना हा प्रसंग मी दरवर्षीं सांगत असें. त्या मुलांपैकीं एकाला तो फार उशिरां आठवला, आणि त्यांतूनच आजच्या भाषणाचा विषय निघाला.

हा विद्यार्थी आतां अमेरिकेंत ओहायो राज्यांत राहतो. नोकरी यंत्रशास्त्राची आणि छंद विमान बांधण्याचा. खेळण्यांतलें विमान नव्हे. दोन माणसांना घेऊन खरोखर उडणारें. घरच्या गॅरेजमध्यें सहा वर्षें संध्याकाळीं खपून त्यानें तें स्वतःच्या हातानें उभें केलें. हें ऐकून आपणांपैकीं कोणी हंसतील, परंतु त्या देशांत हा छंद चांगलाच रुजलेला आहे. विस्कॉन्सिन राज्यांत १९५३ सालीं अशा हौशी मंडळींनीं 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था काढली, आणि १९७० पासून तिचा वार्षिक मेळा ऑश्कॉश या गांवीं भरूं लागला. तेथील कायदा अशा विमानाची नोंद 'प्रायोगिक' या वर्गांत करतो. मुख्य अट ही कीं, विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसानें शिक्षणासाठीं किंवा करमणुकीसाठीं स्वतः बांधलेला असावा. आपल्याकडेंही अमोल यादव या मराठी वैमानिकानें मुंबईंत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि २०१७ मध्यें त्याची सरकारदरबारीं नोंदही झाली.

कारखान्यांतून येणाऱ्या विमानाची एरिअल कोठें असावी हें कारखान्याचे इंजिनिअर ठरवितात आणि तपासून पाहतात. घरीं बांधलेल्या विमानांत हा निर्णय घरधन्याचा. माझ्या विद्यार्थ्यानें तो कसा घेतला तें पुढें येईलच. आधीं काय घडलें तें सांगतों.

विमान उडालें. पहिल्या वीसएक तासांच्या उड्डाणांत रेडिओवर थोडी खरखर ऐकूं येई. ती त्यानें मनावर घेतली नाहीं. एके दिवशीं तिन्हीसांजेस मनोरा असलेल्या एका विमानतळावर तो उतरावयास आला. परवानगी मिळाली, तो धावपट्टीच्या दिशेनें वळला, आणि अंधारूं लागलें म्हणून त्यानें विमानाचे लुकलुकणारे इशाऱ्याचे दिवे लावले. त्यानंतर मनोऱ्यावरून त्याला दोनदां कांहीं सांगण्यांत आलें. त्याला खरखरीवांचून कांहीं ऐकूं आलें नाहीं. तेवढ्यांत मनोऱ्याच्या कांचेंतून एक स्थिर लाल दिवा आपल्यावर रोखलेला त्याला दिसला. रेडिओ चालेनासा झाला असतां वैमानिकाशीं दिव्यानें बोलण्याची ही ठरलेली खूण आहे: दुसऱ्याला वाट द्या, आणि घिरट्या घालीत राहा. त्यानें विमान वर उचललें, बाजूला घेतलें आणि खालीं पाहिलें, तों त्याच धावपट्टीवर दुसरें एक विमान टेंकत होतें. "गुरुजी," तो मला टेलिफोनवर म्हणाला, "तुमच्या आईंनीं कपाटामागें टाकलेली पट्टी मला तेव्हां आठवली."

आतां मूळ विषयाकडे येऊं. बोलण्यासाठीं विमानें ज्या लहरी वापरतात त्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतल्या. लहरीची लांबी काढण्याची रीत शाळकरी आहे: ३०० ला मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागावें, उत्तर मीटरमध्यें येतें. पट्ट्याच्या मध्यावरचा १२७ हा आंकडा घेतला तर लहर सुमारें २ मीटर ३६ सेंटिमीटर भरते. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या तालावर धक्का दिला तरच तो उंच जातो, तसेंच एरिअलचें. तिची लांबी लहरीच्या चतुर्थांशाएवढी असली म्हणजे लहर तिच्यांत सहज झुलते. हा चतुर्थांश ५९ सेंटिमीटर होतो; प्रत्यक्षांत काडीची जाडी वगैरे कारणांनीं ती थोडी आंखूड ठेवावी लागते. या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात. म्हणून हजार मीटर उंचीवरील विमानाचें बोलणें मैदानावरील केंद्रास फार तर १३० किलोमीटरपर्यंत पोंचावयाचें. मध्यें डोंगर आला कीं तितकेंही नाहीं.

बिनतारीच्या आरंभकाळीं विमानांत याहून कितीतरी लांब लहरी वापरीत, आणि लहर लांब तर एरिअलही लांब. विमान वर गेलें कीं शेंवटीं शिशाचा गोळा बांधलेली लांबच लांब तार खालीं सोडावयाची आणि उतरण्यापूर्वीं ती रहाटावर गुंडाळून घ्यावयाची, असा तो उद्योग होता. १९३७ सालीं अमेलिया इअरहार्ट ही अमेरिकन वैमानिक स्त्री पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. तिच्या विमानावर अशी लोंबती तार बसविलेली होती; ती तिनें अखेरच्या प्रवासापूर्वीं काढून टाकली. २ जुलै १९३७ रोजीं न्यू गिनीमधील ले या गांवाहून पॅसिफिक महासागरांतल्या हाउलंड बेटाकडे जातांना ती आणि तिचा मार्गदर्शक फ्रेड नूनन नाहींसे झाले. बेटाजवळ थांबलेल्या 'इटास्का' जहाजावर तिचा आवाज चांगला ऐकूं येत होता. जहाजावरून बोललेलें मात्र तिला ऐकूं येत नव्हतें. ले येथें विमान धावपट्टीवर धावत असतांनाच पोटाखालची एरिअल तुटून पडली असावी, असा एक तर्क आहे. खरें काय तें समुद्रास ठाऊक. परंतु बोलतां येतें आणि ऐकूं येत नाहीं ही स्थिति किती घातक, हें त्या सकाळीं जगाला कळलें.

आतां एक गोष्ट अशी आहे कीं, ती शिकल्यासवरल्या माणसांच्याही लक्षांत येत नाहीं. विमानावर उभी दिसणारी काडी ही एरिअलचा निम्माच भाग असतो. दुसरा निम्मा भाग म्हणजे तिच्या बुडाशीं असलेला धातूचा पत्रा. तळ्याकांठच्या झाडाचें पाण्यांत उलटें प्रतिबिंब दिसतें, तसें काडीचें विद्युत्-प्रतिबिंब या पत्र्यांत पडतें, आणि दोन्हीं मिळून एरिअल पुरी होते. काडीच्या भोंवतीं चारी बाजूंना साधारण तिच्या लांबीइतका पत्रा असला म्हणजे काम भागतें. अ‍ॅल्युमिनिअमच्या विमानांत हा पत्रा फुकटच मिळतो. लांकूड आणि कापड यांच्या विमानांत तो नसतो. तेथें काडीच्या बुडापासून आंतल्या बाजूनें तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्ट्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणें चिकटवाव्या लागतात. हें न केल्यास रेडिओपासून एरिअलपर्यंत जाणारी केबल स्वतःच एरिअलसारखी वागूं लागते. मग बोलतांना मायक्रोफोन गुरगुरतो, घड्याळांचे कांटे हलतात, आणि बिचारा मालक नवा रेडिओ विकत आणतो. रेडिओ बिघडलेला नसतोच.

पत्र्याचा हाच गुण दुसऱ्या बाजूनें दोष होतो. पत्र्यापलीकडे लहर जात नाहीं. पाठीवर एरिअल असेल तर जमिनीवर उभें असतांना ऐकूं छान येतें. हवेंत गेल्यावर मनोरा खालीं, एरिअल वर, आणि मध्यें सारें विमान. पोटाखालीं असेल तर हवेंत उत्तम, मात्र चाकांच्या धातूच्या दांड्यांपासून ती दूर ठेवावयास हवी, नाहीं तर त्या दिशेस सावली पडते. दोन रेडिओ असतील तर एक वर आणि एक खालीं ठेवण्याची चाल शहाणपणाची आहे. दोहोंच्या मध्यें विमानाचें अंगच पडदा होतें. रडारला उत्तर देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची एरिअल जेमतेम ७ सेंटिमीटर असते. तिला विचारणारें रडार जमिनीवर म्हणून तिची जागा पोटाखालीं. उपग्रहांकडून स्थान कळविणाऱ्या जी.पी.एस.ची एरिअल पाठीवर, कारण तिचे बोलविते धनी आकाशांत सुमारें वीस हजार किलोमीटरांवर. सहा-सात मीटर लांबीच्या विमानावर अशा पांच-सहा काड्या व चकत्या परस्परांच्या वाटेंत न येतां बसवावयाच्या. चाळींतल्या एका खोलींत सहा भाडेकरू ठेवण्यासारखेंच तें.

उभें-आडवें याचाही येथें विचार असतो. बोलण्याच्या लहरी उभ्या झुलतात, म्हणून ती एरिअल उभी. व्ही.ओ.आर. या मार्गदर्शक केंद्रांच्या लहरी आडव्या झुलतात, म्हणून तिच्या दोन काड्या शेपटीवर मांजराच्या मिशांसारख्या आडव्या बसवितात. बोलण्याची एरिअल पंखाच्या टोंकांत आडवी लपवून पाहणारे हौशी लोक आहेत. ती अगदींच बहिरी होते असें नाहीं. परंतु अर्धें ऐकण्याची तयारी ठेवूनच तसें करावें.

माझ्या विद्यार्थ्याचें विमान फायबरग्लासचें. घरीं बांधावयाच्या विमानांत या पदार्थाला मोठी प्रतिष्ठा दिली ती कॅलिफोर्नियाच्या बर्ट रुटन यांनीं. त्यांचें 'व्हॅरिईझी' १९७५ सालीं उडालें आणि 'लाँग-ईझी' १९७९ सालीं. त्यांनींच आंखलेल्या 'व्हॉयेजर'नें डिसेंबर १९८६ मध्यें वाटेंत न उतरतां व इंधन न घेतां नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तें विमान मात्र मुख्यतः कार्बन फायबरचें होतें. फायबरग्लासमधून रेडिओच्या लहरी कांचेंतून उजेड जावा तशा आरपार जातात. मग एरिअल बाहेर कशाला? जिम वेअर यांनीं या विमानांसाठीं तांब्याच्या चिकटपट्टीच्या एरिअल योजिल्या. अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीच्या दोन पट्ट्या टोंकाशीं टोंक लावून कातडीच्या आंत चिकटवावयाच्या. दोन्हीं भाग एरिअलचेच असल्यामुळें पत्रा लागत नाहीं. केबल जेथें त्यांना मिळते तेथें तिच्यावर फेराइटचीं दोन-तीन कडीं ओवावयाचीं, म्हणजे केबलच्या बाहेरच्या अंगावर लहर चढत नाहीं. रुटन यांच्या विमानांच्या पंखांना टोंकांशीं उभीं पातीं असतात. बोलण्याची उभी एरिअल त्यांत नेमकी सामावते. खर्च नाममात्र, आणि बाहेर कांहींच नसल्यानें वाऱ्यास अडथळा नाहीं. कार्बन फायबर फायबरग्लाससारखेंच कापड दिसतें, परंतु त्यांतून वीज वाहते. त्याच्या आंत एरिअल लपविणें म्हणजे आमचें लोखंडी कपाटच.

फायबरग्लासची दुसरी बाजू लोक विसरतात. जी भिंत बाहेरची लहर आंत येऊं देते, तीच आंतला गोंगाटही अडवीत नाहीं. पत्र्याच्या विमानांत इंजिन, दिवे आणि वीजयंत्रें पत्र्याच्या आंत आणि एरिअल बाहेर, अशी वाटणी आपोआप होते. फायबरग्लासच्या विमानांत सगळेच एका खोलींत. माझ्या विद्यार्थ्यानें एरिअल शेपटीच्या उभ्या पात्यांत चिकटविली होती. ती जागा चुकीची नव्हे. परंतु त्याच पात्याच्या माथ्यावर लुकलुकणारा दिवा होता, आणि त्याच्या तारा एरिअलला समांतर, चार बोटांवरून, वरपर्यंत गेल्या होत्या. त्यानें पातें बंद केलें, रंग दिला, आणि वर्षभर त्याकडे अभिमानानें पाहिलें.

गोंगाट कोठून येतो हें शोधण्याची विद्या मला तर वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी वाटते. प्रत्येक रोग्याचा आवाज वेगळा. इंजिनाच्या प्लगमध्यें ठिणगी पडते तिचा आवाज टक्‌टक् असा, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारा. तेथें मॅग्नेटोच्या तारांवरील धातूची जाळी नीट जोडली आहे कीं नाहीं तें पाहावें. वीज उत्पन्न करणाऱ्या आल्टरनेटरची शीळ असते. इंजिन जोरांत चाललें कीं ती वरच्या सुरांत जाते. लुकलुकणारा दिवा आपल्या लुकलुकण्याच्या तालावर बोलतो. हल्लींचे एल.ई.डी. दिवे आणि भ्रमणध्वनि भरण्याचे स्वस्त चार्जर यांच्या आंतलें यंत्र वीज सेकंदाला हजारों वेळां तोडतें व जोडतें, त्याची सतत खरखर येते. पावसांतून किंवा धुळींतून जातांना विमानाच्या अंगावर वीज सांचते आणि टोंकांवरून झिरपतांना फुसफुसते, तो आवाज आणखी निराळा. विमानांचा रेडिओ अजूनही लहरीची उंची कमीजास्त करून बोलण्याच्या जुन्या ए.एम. रीतीनें चालतो. त्या रीतींत दोघे एकदम बोलले तर शीळ वाजून तें कळतें, हा तिचा मोठा फायदा. पण प्रत्येक ठिणगीही लहरीची उंचीच हलविते, म्हणून ती बोलण्यांत थेट मिसळते.

परीक्षेची पहिली पायरी अगदीं साधी. खरखर चालू असतां रेडिओच्या पाठीमागची एरिअलची केबल काढावी. खरखर थांबली तर ती हवेंतून, एरिअलच्या वाटेनें येत होती. न थांबली तर ती विजेच्या किंवा कर्णयंत्राच्या तारांतून शिरते आहे, आणि एरिअल कितीही हलवून उपयोग नाहीं. या दुसऱ्या जातींत बहुधा दोष जोडणीचा निघतो: कर्णयंत्राची परतीची तार एका जागीं जोडलेली, रेडिओची दुसऱ्या, दिव्याची तिसऱ्या; मग एकाच्या परतीच्या वाटेवरून दुसऱ्याचा प्रवाह जातो. सर्वांच्या परतीच्या तारा एकाच ठिकाणीं आणून बांधल्या म्हणजे शीळ थांबते. दुसरी पायरी, इंजिन बंद ठेवून एकेक बटन दाबीत जाणें. एवढें केल्याशिवाय कोणीं कंडेन्सर आणि फिल्टर विकत घेऊं नयेत. पेठेंत ते पुष्कळ मिळतात आणि त्यांतले बरेचसे नको त्या जागीं बसविले जातात.

एक व्यत्यय असाही आहे कीं तो कानाला ऐकूंच येत नाहीं, आणि त्याचें गणित तर सुरेखच आहे. कोणताही प्रक्षेपक नेमून दिलेल्या लहरीबरोबर तिच्या दुपटी, तिपटी, चौपटीच्या क्षीण लहरीही सोडतो. जी.पी.एस.चा उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलतो. आतां १२१.१७५ ला १३ नें गुणा: १५७५.२७५. किंवा १३१.२७५ ला १२ नें गुणा: १५७५.३. म्हणजे वैमानिक या आंकड्यांवर बोलूं लागला कीं त्याच्या रेडिओचा तेरावा किंवा बारावा पडसाद जी.पी.एस.च्या कानांतच पडतो. वीस हजार किलोमीटरांवरून आलेली उपग्रहाची कुजबूज आणि दोन हातांवरचा हा पडसाद! नकाशावरचें विमान एकाएकीं दिसेनासें होतें, आणि बोलणें संपलें कीं परत येतें. म्हणून दोन्हीं एरिअलमध्यें निदान दोन-तीन हात अंतर ठेवावें, आणि जमिनीवर उभें राहून याच आंकड्यांवर बोलून पाहावें.

माझ्या विद्यार्थ्यानें केबल काढली, खरखर थांबली. केबल लावून इंजिन बंद ठेवलें आणि दिवा लावला. दिव्याच्या तालावर ती परत आली. पातें फोडणें त्याच्या जिवावर आलें. शेंवटीं त्यानें ती एरिअल तशीच सोडून दिली, पोटाच्या आंतल्या बाजूला तांब्याचा पत्रा चिकटविला आणि सहा वर्षें घांसून गुळगुळीत केलेल्या त्या पोटाला भोंक पाडून बाहेर एक साधी काडी लावली. भोंक पाडतांना पत्नीला तेथें थांबूं दिलें नाहीं, असें तो म्हणाला. मग मापकयंत्र लावून पाहिलें. एरिअलकडे पाठविलेल्या शक्तीपैकीं कांहीं भाग परत फिरतो, तो या यंत्रावर कळतो: गुणोत्तर तीनास एक आलें तर चौथा हिस्सा फुकट, दोनास एक आलें तर नववा. त्याचें पहिलें माप तीनाच्या वर होतें. काडी थोडथोडी कापीत त्यानें तें दीडावर आणलें. दिवसां येणारी थोडी खरखर राहिली होती, ती मॅग्नेटोच्या तारेची जाळी एका टोंकास सुटी होती म्हणून. ती घट्ट केली.

नंतर एका संध्याकाळीं मुद्दाम दिवे लावून तो त्याच विमानतळावर गेला आणि माझा आवाज कसा येतो असें त्यानें विचारलें. या प्रश्नाचें उत्तर एक ते पांच या अंकांत देण्याची चाल आहे. मनोऱ्यावरून 'पांच' असें उत्तर आलें, आणि तें त्यालाही तितकेंच स्वच्छ ऐकूं आलें. भ्रमणध्वनीचा चार्जर लावला कीं अजून एक बारीक शीळ येते. तो चार्जर तो आतां घरींच ठेवून जातो.